अकरा फ्रेम्समधून किती कळते?

लंडनच्या वेम्बली कॉन्फरन्स सेंटरमध्ये १९९१ साली 'मास्टर्स' या व्यावसायिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. आधी ९ फ्रेम्स जिंकेल तो विजेता. माईक हॅलेट प्रथम ७–० आणि मग ८–२ असा पुढे होता. त्याला आणखी एकच फ्रेम हवी होती. ती त्याला मिळाली नाही. स्टीफन हेन्ड्रीने ओळीने सात फ्रेम्स जिंकल्या आणि सामना ९–८ असा घेतला.

हेन्ड्री हॅलेटपेक्षा चांगला खेळाडू होता, हे या सामन्याने सिद्ध झाले का? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले 'हो, जिंकला ना!' म्हणतील. दोनचार जण मात्र म्हणतील, '९ आणि ८ मध्ये फरक तो काय?' आमच्या मते हे दोनचार जण अधिक चांगला विचार करताहेत. पण त्यांचे म्हणणे आकड्यांत मांडता आले पाहिजे.

ज्यांनी स्नूकर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबलावर १५ लाल आणि ६ इतर रंगांचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने ते ठरावीक क्रमाने खिशांत घालायचे. लालला १ गुण, काळ्याला ७, बाकीचे त्यांच्या मधले. टेबल रिकामे होईपर्यंतचा डाव म्हणजे एक फ्रेम. कॅरममध्ये जसा बोर्ड, तशी ही फ्रेम. सामना असतो अनेक फ्रेम्सचा. (जाता जाता, या खेळाचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात.)

मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा आहे. १९७५ मध्ये ती सुरू झाली, आणि आज जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या सोळा जणांनाच तिचे आमंत्रण जाते. येथे जिंकून क्रमवारीचे गुण मिळत नाहीत. मिळतो तो पैसा आणि मान. अंतिम फेरीपर्यंतचे सामने ११ फ्रेम्सचे, म्हणजे आधी ६ जिंकणाऱ्याचे असतात. अंतिम सामना १९९६ पासून १९ फ्रेम्सचा, म्हणजे आधी १० जिंकणाऱ्याचा झाला. निवडून आणलेले सोळा जण एकमेकांच्या फार जवळचे असणार हे उघडच आहे. म्हणूनच आमच्या प्रश्नासाठी ही स्पर्धा सोयीची आहे: दोन जवळजवळ सारख्या माणसांतला अधिक चांगला कोण, हे किती डावांत कळते?

समजा, अ हा ब पेक्षा थोडा चांगला आहे. इतका, की दर शंभर फ्रेम्सपैकी ५५ अ जिंकतो आणि ४५ ब. एकच फ्रेम खेळवली तर अ जिंकण्याची शक्यता ०.५५. आता तीन फ्रेम्सचा सामना घेऊ. अ २–० असा जिंकेल ही शक्यता ०.५५ × ०.५५, म्हणजे ०.३०२५. तो २–१ असा जिंकायचा तर हरलेली फ्रेम पहिली किंवा दुसरी असू शकते, म्हणून २ × ०.५५ × ०.५५ × ०.४५ = ०.२७२२५. बेरीज जवळजवळ ०.५७५. दोन फ्रेम्स वाढवून अडीच टक्के पदरात पडले.

हाच हिशेब पुढे नेला की ११ फ्रेम्सच्या सामन्यात अ ची शक्यता ६३ टक्के होते आणि १९ फ्रेम्सच्या सामन्यात ६७. जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना ३५ फ्रेम्सचा असतो. त्यात ती साडेबहात्तर टक्क्यांपर्यंत जाते. सामना लांबतो तशी शक्यता वाढते खरी, पण फार रडतखडत. अ ने शंभरांतले ९५ सामने जिंकावेत अशी आपली इच्छा असेल तर सामना सुमारे २७० फ्रेम्सचा ठेवावा लागेल. एका फ्रेमला वीस मिनिटे धरली तर हे नव्वद तासांचे काम झाले! पूर्वी असे लांब सामने खरोखरच होत. १९४६ च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना १४५ फ्रेम्सचा होता. जो डेव्हिसने होरेस लिंड्रमला ७८–६७ असे हरवले. आमच्या अ ला तेवढ्या लांबीच्या सामन्यातही ८९ टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

हे मुलांना पटायचे असेल तर सूत्र नको, चिंचोके आणा. वीस चिंचोके घ्या, अकरांवर रंगाचा ठिपका द्या, नऊ तसेच ठेवा. चिंचोके फोडून किंवा घासून खूण करू नका. मुलांच्या बोटांना फरक लगेच कळतो आणि मग कोण कशासाठी काय काढील सांगता येत नाही. कापडी पिशवीत न पाहता हात घालून एक काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा, पिशवी हलवायची. ठिपक्याचा निघाला तर फ्रेम अ ची, नाहीतर ब ची. आधी सहा होतील तो जिंकला. चाळीस मुलांच्या वर्गात जोड्या पाडल्या तर असे वीस सामने होतील. हिशेबाप्रमाणे अ ने त्यांतले बारातेरा जिंकायला हवेत, पण दहा किंवा पंधरा आले तरी चिंचोक्यांना दोष देऊ नका. वीस सामने हाही एक छोटा नमुनाच आहे. शेजारच्या वर्गाचा आकडा वेगळा आला की मुले भांडू लागतात, आणि खरा तास तेथून सुरू होतो.

पूर्ण स्पर्धेचे गणित आणखी कठोर आहे. अजिंक्यपदासाठी ११ फ्रेम्सचे तीन सामने आणि १९ फ्रेम्सचा एक, असे चारही जिंकावे लागतात. आमचा अ बाकीच्या पंधरांपेक्षाही तेवढाच, ५५ विरुद्ध ४५ असा, चांगला असेल तरी ०.६३ चा घन गुणिले ०.६७, म्हणजे १७ टक्केच शक्यता उरते. सर्वांत चांगला खेळाडू दर सहा वर्षांतून एकदाच जिंकेल. ६० विरुद्ध ४० इतका वरचढ असला तर ही शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे तरीही तीनांतून दोनदा तो हात हलवीत घरी जाणार.

या फूटपट्टीने रॉनी ओसलिव्हनकडे पाहा. १९९५ ते २०२४ या तीस वर्षांत त्याने मास्टर्स आठ वेळा जिंकली. हा विक्रम आहे. तीसांत आठ म्हणजे साधारण २७ टक्के. वरच्या हिशेबात हा आकडा ५५ आणि ६० यांच्या अधेमधे बसतो. तीन दशके गाजलेल्या माणसाची बरोबरीच्यांवरची आघाडी अशी शंभर फ्रेम्समागे पंधरा-सोळा फ्रेम्सची निघते. येथे एक सावधगिरी हवी. आम्ही त्याला निवडले तेच मुळी तो सर्वांत जास्त वेळा जिंकला म्हणून. निकाल पाहून नमुना निवडला की फरक आहे त्याहून मोठा दिसतो. शिवाय प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपासून स्वतंत्र असते, हे आम्ही गृहीतच धरले आहे. ८–२ ने पुढे असलेल्या माणसाचे हात तसेच चालतात का, हे चिंचोके सांगू शकत नाहीत.

हे गणित आम्हाला फार पूर्वीपासून येत होते, पण लागू करायला उशीर झाला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी विद्यार्थी निवडायच्या समितीवर आम्ही होतो. शेवटच्या जागेसाठी दोघे उरले. दोघांनाही तेच अकरा प्रश्न विचारले होते. एकाची सात उत्तरे बरोबर, एकीची सहा. आम्ही पाच मिनिटांत निर्णय घेतला आणि चहा मागवला. घरी येऊन कागदावर मांडले: एकाला अशा प्रश्नांपैकी ६० टक्के येतात आणि दुसऱ्याला ५५ टक्के असे धरले, तरी अकरा प्रश्नांत कच्च्या विद्यार्थ्याला जास्त गुण पडण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश निघते, आणि बरोबरी होण्याची आणखी एकषष्ठांश. म्हणजे आमचा निर्णय नाणेफेकीपेक्षा फारसा वरचा नव्हता. ती मुलगी पुढे काय करते हे आम्हाला माहीत नाही. पुढच्या वर्षी आम्ही प्रश्न तीस केले आणि शाळेतल्या शिक्षकांचे अभिप्राय मागवले. वर्षभर रोज पाहणारा माणूस किती फ्रेम्स पाहत असतो याचा हिशेब आपणच करा.

हॅलेट आणि हेन्ड्रीकडे परत येऊ. दोघे अगदी बरोबरीचे धरले तर ८–२ वरून ओळीने सात जिंकण्याची शक्यता १२८ मध्ये एक. हेन्ड्री ६० विरुद्ध ४० असा वरचढ धरला तर ती ३६ मध्ये एक होते. दोन्ही आकडे लहान आहेत, पण अशी घटना बरोबरीच्या खेळाडूपेक्षा वरचढ खेळाडूच्या हातून घडणे साडेतीन पट शक्य आहे. त्या सामन्याने काहीच सांगितले नाही असे म्हणूनच म्हणता येत नाही. हेन्ड्रीने १९८९ ते १९९३ अशी सलग पाच वर्षे ही स्पर्धा जिंकली, तो पुरावा मात्र कितीतरी भक्कम आहे.

पॉल हंटरचे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही. त्याने मास्टर्स तीनदा जिंकली, आणि तिन्ही अंतिम सामने १०–९ असे. २००१ मध्ये तो फर्गल ओब्रायनविरुद्ध ३–७ ने मागे होता, २००२ मध्ये मार्क विल्यम्सविरुद्ध ०–५ ने, २००४ मध्ये ओसलिव्हनविरुद्ध २–७ ने. बरोबरीच्या दोघांत एखादा सामना शेवटच्या फ्रेमपर्यंत जाण्याची शक्यता सुमारे साडेअठरा टक्के असते, आणि तीन शेवटच्या फ्रेम्स एकानेच जिंकण्याची आठात एक. शेवटच्या फ्रेममध्ये त्याचा हात इतरांपेक्षा खरेच स्थिर राहत होता का? तीन फ्रेम्सवरून हे सांगता येत नाही. तीसांवरून कदाचित आले असते. हंटर २००६ मध्ये कर्करोगाने वारला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. २०१६ मध्ये मास्टर्सच्या चषकाला त्याचे नाव देण्यात आले.