अंदमानचा रोजचा दिवस कॅमेऱ्यात टिपताना : काय टिपावे, कोठे थांबावे

श्री विजयपुरम (पोर्ट ब्लेअर) : सेल्युलर जेलचा मध्यवर्ती मनोरा आणि राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त ही दृश्ये अंदमानहून परतणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या कॅमेऱ्यात असतात. सावरकरांच्या कोठडीमुळे मराठी पर्यटकांची पावले तर प्रथम जेलकडेच वळतात. मात्र या बेटांचे रोजचे जगणे ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांत, मासळी बाजारात आणि नारळ-सुपारीच्या बागांत दिसते. अशा साध्या दृश्यांची छायाचित्रे पुढे मोलाची नोंद ठरू शकतात, हे येथील भूगोलाने दाखवून दिले आहे. कॅमेरा कोठे बंद ठेवावा, हे येथील इतिहासाने शिकवले आहे.

बदलत्या किनाऱ्याचा पुरावा

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने या द्वीपसमूहाचा किनाराच बदलला. उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडले. दक्षिण अंदमानात ती सुमारे एक मीटर खचली. राजधानीलगतच्या सिप्पीघाट परिसरातील भातशेतीत शिरलेले खारे पाणी पुन्हा ओसरलेच नाही. आज तेथे पाणपक्षी दिसतात. ग्रेट निकोबारमधील इंदिरा पॉइंट येथे जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तेथील दीपस्तंभाभोवती समुद्र आला.

त्यापूर्वी कोणी सहज टिपलेला शेताचा बांध किंवा किनाऱ्यावरचा वृक्ष आज जुन्या नकाशाइतकाच बोलका आहे. प्रवाळांबाबतही तेच म्हणता येईल. समुद्राचे तापमान वाढल्याने २०१० आणि २०१६ मध्ये येथील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे त्यांचा रंग उडून ते पांढरे पडले. असे बदल ओळखण्यासाठी एकाच जागेची, भरती-ओहोटीच्या सारख्याच स्थितीत, ठरावीक काळाने काढलेली छायाचित्रे उपयोगी पडतात. मात्र त्यासोबत स्थळ, दिनांक आणि वेळ यांची नोंद असावी लागते.

प्रकाश आणि पाण्याचे वेळापत्रक

घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले, तरी सूर्य येथे लवकर उगवतो. मुंबई आणि अंदमान यांच्या रेखांशांत सुमारे २० अंशांचा फरक असल्याने सूर्य येथे मुंबईपेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. डिसेंबरमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळू लागतो. त्यामुळे पहाटेचा मऊ प्रकाश हवा असेल, तर पाचपूर्वीच घराबाहेर पडावे लागते.

दुसरे वेळापत्रक समुद्राचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी अधिक मागे सरते आणि खडकांमधील डबकी उघडी पडतात. शंख पाठीवर वागवणारे खेकडे, समुद्रकाकड्या, छोटे मासे तेथे सहज दिसतात. कांदळवनाच्या चिखलात कोकणकिनाऱ्यावरील वाचकांच्या परिचयाची निवटीही भेटते. मात्र अनेक खाड्यांत मगरी असल्याने स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्याच्या काठी जाणे धोक्याचे आहे.

दमट हवेमुळे कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. त्यामुळे पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे इष्ट. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर बाष्प साचते, ते उडून जाईपर्यंत थांबावे लागते.

माणसांसमोरचा कॅमेरा

काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेल्या कैद्यांचे वंशज, पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबे, छोटा नागपूर भागातून मजुरीसाठी आणलेले आणि येथे ‘रांची’ म्हणून ओळखले जाणारे आदिवासी, ब्रह्मदेशातून आलेले करेन, तमिळ आणि तेलुगू भाषक असे अनेक समाज येथे एकत्र नांदतात. परस्परांशी ते हिंदुस्थानीत बोलतात. म्हणूनच जंगलीघाटच्या मासळी बाजारात छायाचित्र काढण्यापूर्वी दोन शब्द बोलून परवानगी मागणे पर्यटकाला अवघड जाऊ नये. विक्रेत्याने नकार दिल्यास तो निमूटपणे मान्य करावा.

आदिम जमातींच्या बाबतीत मात्र परवानगी मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकारी मॉरिस व्हिडाल पोर्टमन याने अंदमानी आदिवासींना कॅमेऱ्यासमोर उभे करून त्यांची छायाचित्रे आणि शरीराची मोजमापे घेतली. याच अधिकाऱ्याच्या मोहिमेत १८८० मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावरून सहा जणांना पोर्ट ब्लेअरला आणण्यात आले. त्यांतील दोन्ही प्रौढ आजारी पडून मरण पावले. त्या शतकाच्या मध्यास काही हजार संख्येने असलेले ग्रेट अंदमानी आज शंभराच्याही आत आहेत. बाहेरून आलेले रोग हे त्याचे एक मोठे कारण होते.

जारवा महिलांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये उघडकीस आली आणि देशभर संताप व्यक्त झाला. त्याच वर्षी १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमात दुरुस्ती करून शिक्षा कठोर करण्यात आल्या. जारवा राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवर वाहने ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे आणि छायाचित्रे घेणे यांवर बंदी आहे.

निसर्गाबाबतही मर्यादा आहेत. किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासविणीही प्रकाशाने बिचकून माघारी फिरते, म्हणून तेथे फ्लॅश वापरू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. रिकामा वाटणारा शंखही चांगल्या चित्रासाठी उचलून नेऊ नये, कारण तो एखाद्या खेकड्याचे पुढचे घर असतो. संरक्षण दलांच्या परिसरात छायाचित्रणाला मनाई असून ड्रोनसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

या मर्यादा पाळूनही टिपण्याजोगे पुष्कळ उरते. पहाटे धक्क्याला लागणारी होडी, पावसात भिजणारी सुपारीची बाग, ओहोटीच्या वाळूवरची खेकड्यांची नक्षी यांसाठी कोणत्याही राखीव क्षेत्रात शिरावे लागत नाही.