सुटीचा वार आणि कामाची पाळी

आठवड्यातील एक दिवस कामाविना जावा, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी मागितली, कोणी दिली आणि आजही ती कोणाच्या वाट्याला येत नाही, याचा विचार करण्याचा प्रसंग कचेरीतील माणसावर सहसा येत नाही. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुटीचा मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लाभला. परंतु त्याच मुंबईच्या पूर्वेस, चेंबूरपलीकडे खाडीकाठी वसलेल्या माहुलात रविवार हा इतर सहा वारांसारखाच एक वार आहे. येथे १९५४ साली स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. सत्तरच्या दशकात दोन्ही राष्ट्राच्या मालकीचे होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जाऊ लागले. नावे पालटली, मालक पालटले. भट्ट्या मात्र अखंड पेटत्या राहिल्या. शेजारच्या कोळीवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रीत याच्या नेमकी उलट आहे. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला ओढायची आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावाचून ती पुन्हा पाण्यात लोटायची नाही, हा तिथला नेम. समुद्रालाही विसावा असतो असे मानणारे गाव आणि कधीही न विसावणारा कारखाना एकमेकांशेजारी नांदत आहेत. या शेजारातून उभा राहणारा प्रश्न केवळ माहुलचा नाही. ज्या कामाला थांबता येत नाही त्या कामावरील माणसाने आपल्या देवाचा वार पाळायचा कसा?

सोमवार तेली, शनिवार तेली

या प्रश्नाचे एक विस्मृत उत्तर माहुलसमोरच्या बंदराच्या पलीकडे, अलिबागच्या परिसरात सापडते. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून तरलेल्या सात पुरुषांपासून व सात स्त्रियांपासून आपला वंश वाढला, अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल लोक कोकणात तेल गाळण्याचा धंदा करीत. भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली, नेसणे-वावरणे शेजाऱ्यांसारखेच. परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. याच मुलखातील हिंदू तेली महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवीत. ते ‘सोमवार तेली’. एका धंद्यात दोन वार पाळले जात होते. कोणी कोणाला वार बदलावयास सांगितले नाही आणि गावातील दिवेही तेलावाचून विझले नाहीत. किंबहुना, एकाचा घाणा बंद असताना दुसऱ्याचा चालू असे, ही गावाची सोयच म्हणावी लागेल.

मात्र या व्यवस्थेचा आधार श्रद्धा हा एकटाच नव्हता. घाणा स्वतःचा होता, हा तिचा खरा आधार. अठराव्या शतकापासून बेने इस्राएल लोक मुंबईत येऊ लागले, पलटणीत आणि पुढे कचेऱ्यांत, रेल्वेत चाकरीला लागले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पण चाकरीतला शनिवार मात्र त्यांच्या हाती राहिला नाही. जो स्वतःच्या घाण्याचा धनी असतो तो आपला वार स्वतः ठरवतो. जो दुसऱ्याच्या यंत्राशी बांधला जातो त्याला तो मागून घ्यावा लागतो. शनिवार तेल्यांच्या या स्थित्यंतरात औद्योगिक युगातील धर्माचरणाचा सारा पेच सामावलेला आहे.

खेड्यापाड्यांतही वार पाळण्याची रीत होती व काही भागांत अजून आहे. अमावास्येला औत जुंपायचे नाही, गावदेवीसाठी ठरावीक वारी शेतात पाऊल टाकायचे नाही, हे नेम धर्माच्या नावाने पाळले जात. पण त्यांचा लाभ बैलालाही मिळे आणि गड्यालाही. विश्रांती आणि उपासना यांची फारकत आपल्या परंपरेने कधी केलीच नव्हती.

खंडोबाचा वार आणि गिरणीचा भोंगा

ही फारकत गिरणीने केली. मुंबईच्या कापडगिरण्यांत सणांच्या काही सुट्या मिळत. परंतु आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्या दिल्या त्या केवळ बालकामगारांना. प्रौढांच्या वाट्याला काही आले नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य या मागण्या तिच्या मागोमाग होत्या.

रविवार हा साहेबाच्या धर्माचा दिवस, तो बहुजन कामगाराने का मागावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर जेजुरीत आहे. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून, सातारा-पुण्याकडून मुंबईला आलेल्या गिरणी कामगाराच्या घरात हा वार आधीपासूनच पाळला जात होता. लोखंडे यांच्या लढ्याचा इतिहास सांगताना हा दुवा म्हणूनच आवर्जून सांगितला जातो. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांत स्त्री-कामगारांनीही भाषणे केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या, १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर सरकारी मोहोर उमटली.

तेव्हा रविवार ही सरकारने वा मालकाने आपणहून दिलेली देणगी नव्हे. ती मिळवलेली गोष्ट आहे. तसेच ती निव्वळ धार्मिक नव्हे आणि निव्वळ ऐहिकही नव्हे. थकलेल्या शरीराचा हक्क आणि भाविक मनाची ओढ या दोहोंनी मिळून तो दिवस जिंकला.

कायदा दिवस देतो, वार देत नाही

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने सात दशकांहून अधिक काळ या क्षेत्रावर अंमल केला. आठवड्याचा पहिला दिवस सुटीचा, हा त्यातील नियम. परंतु त्या दिवशी कामावर बोलवायचे झाल्यास आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी द्यावी आणि कोणासही सलग दहा दिवसांहून अधिक राबवू नये, अशी त्यात तजवीज होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेनेही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नको आणि बुडालेल्या सुटीबद्दल त्या महिन्यात वा पुढील दोन महिन्यांत बदली सुटी, हेच तत्त्व ठेवले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे सर्व दिवस व्यवहार चालू ठेवण्यास मुभा दिली. प्रत्येक कामगारास आठवड्यातून एक सुटी मात्र मिळालीच पाहिजे, असे बंधन त्याने घातले. शिवाय वर्षाला आठ पगारी सणसुट्या दिल्या. त्यांपैकी चार राष्ट्रीय व राज्याच्या दिवसांच्या, उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी संमतीने ठरवायच्या.

या सर्व तरतुदी हिताच्याच आहेत. परंतु त्यांचा रोख विश्रांतीच्या मोजमापावर आहे. किती तास, किती दिवस, किती मोबदला, हे कायदा सांगतो; कोणता वार, हे सांगत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले असले, तरी शुक्रवारच्या नमाजासाठी, रविवारच्या मिस्सासाठी वा एखाद्या व्रतासाठी पाळी बदलून देण्याचे कर्तव्य खासगी मालकावर घालणारी स्पष्ट तरतूद आपल्या कामगार कायद्यांत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२१ च्या करारात मात्र एक शहाणपणाचे वाक्य आहे. साप्ताहिक विश्रांती शक्य तेथे त्या देशाच्या परंपरेने व रूढीने ठरलेल्या दिवशीच द्यावी, असा त्याचा आशय आहे. भारताने हा करार १९२३ सालीच स्वीकारला. शंभर वर्षांनंतरही ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, हे अनिश्चितच आहे.

अशक्य काय आणि गैरसोयीचे काय

शुद्धीकरण कारखाना रविवारी बंद ठेवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. शेकडो अंशांवर तापलेल्या भट्ट्या आणि उंच मनोरे थंड करून पुन्हा चालू करणे हे दिवसभराचे काम नव्हे, आणि ते वारंवार करणे धोक्याचे आहे. काही वर्षांनी एकदा, पूर्ण तयारीनिशी असा थांबा घेतला जातो. वीजकेंद्र, रुग्णालय, पाणीपुरवठा, रेल्वे यांचीही तीच गत. परंतु कारखाना थांबू शकत नाही, यावरून त्यातील प्रत्येक माणूस बदलू शकत नाही, असे सिद्ध होत नाही. साधा हिशेब पाहावा. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एका माणसाकडून फार तर सहा घेता येतात; म्हणजे एका जागेसाठी चार माणसे लागतात. रोज त्यांतील तिघे कामावर आणि एक घरी. सर्वांना रविवारच हवा असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार आठवड्यांतून एकच रविवार येईल, वर्षाचे तेरा. परंतु चौघांपैकी एकाला शुक्रवार हवा असेल आणि दुसऱ्याला रविवार, तर दोघांनाही आपापला वार दर आठवड्याला देता येतो आणि उरलेल्या दोघांचे काहीही बिघडत नाही. मुंबईसारख्या नाना धर्मांच्या नगरीत श्रद्धांची विविधता ही पाळ्या लावणाऱ्याची अडचण नसून त्याची सोय आहे. सोमवार तेली आणि शनिवार तेली यांचा धडा हाच आहे.

म्हणून ‘अशक्य’ आणि ‘गैरसोयीचे’ यांत भेद केला पाहिजे. भट्टी विझवणे अशक्य. पाळीपत्रक बदलणे फार तर गैरसोयीचे. जेथे भट्टीच नाही, तेथे शनिवार-रविवारच्या सक्तीचे कारण काय? मालगोदाम, विक्रीची दालने, घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्या यांत आज जी सक्ती दिसते ती यंत्राच्या स्वभावातून आलेली नाही. ती ग्राहकाच्या घाईतून आणि धंद्याच्या चढाओढीतून आलेली आहे. मतदारयाद्यांच्या कामासाठी रविवारी घरोघर फिरणाऱ्या शिक्षकालाही या सक्तीची चव ठाऊक आहे.

सोव्हिएत रशियाने १९२९ साली यंत्र एक दिवसही थांबू नये म्हणून सार्वत्रिक सुटीच मोडीत काढली. कामगारांचे गट पाडून प्रत्येकाला पाच दिवसांतून एक वेगवेगळा दिवस दिला. विश्रांतीचे प्रमाण वाढले. पण नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी आणि चर्चमधील रविवार कोणाचाच नाही, अशी अवस्था झाली. १९३१ सालीच हा प्रयोग आवरता घ्यावा लागला आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा रविवारसह परत आला. सुटी ही केवळ तासांची बेरीज नसते. ती कोणाबरोबर घालवायची यावर तिचे मोल ठरते.

दोन अमेरिकन खटले

अमेरिकेत हा वाद न्यायालयात दोनदा गाजला. लॅरी हार्डिसन हा एका विमान कंपनीच्या अहोरात्र चालणाऱ्या दुरुस्ती केंद्रातला कर्मचारी. त्याच्या पंथात शनिवार पवित्र. ज्येष्ठतेच्या नियमाने त्याला शनिवारची पाळी आली, त्याने नकार दिला आणि नोकरी गमावली. मालकाला नाममात्र खर्चाहून अधिक झळ सोसावयास लावता येणार नाही, असा अर्थ १९७७ च्या त्या निकालातून काढला गेला आणि शेकडो मागण्या त्यावर फेटाळल्या गेल्या. पुढे जेराल्ड ग्रॉफ या टपाल कर्मचाऱ्यावर खासगी कंपनीची पार्सले रविवारी वाटण्याची सक्ती झाली. रविवार पाळणाऱ्या ग्रॉफने अखेर २०१९ मध्ये राजीनामा दिला. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, नाममात्र खर्चाची सबब पुरेशी नाही; धंद्याला खरोखरीच भरीव झळ लागते, हे मालकाने दाखवले पाहिजे.

या निकालातून आपण घ्यावयाचे ते एवढेच की, सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा कळीचा मुद्दा आहे. आपल्याकडे तो सदैव कामगारावर असतो. ‘जमणार नाही’ असे वरिष्ठाने म्हटले की विषय संपतो. का जमणार नाही, हे विचारण्याची सोय नसते.

श्रद्धाळूंचे लाड, इतरांवर भार?

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. एकाला दर रविवार मिळाला, तर दुसऱ्याचा जातो. जो कोणताच वार पाळत नाही, त्यालाही मुले असतात, म्हातारे आईवडील असतात; त्याचा रविवार काय कमी मोलाचा? हा आक्षेप खरा आहे आणि भक्तीच्या नावाने तो उडवून लावणे अन्यायाचे होईल. त्याचे उत्तर देवाणघेवाणीत आहे. शुक्रवार वा रविवार कायमचा घेणाऱ्याने त्याच्या बदल्यात गैरसोयीच्या पाळ्या आणि इतरांच्या सणाचे दिवस उचलावेत. दिवाळीत ख्रिस्ती वा मुसलमान सोबत्याने आणि नाताळ-ईदेला हिंदू सोबत्याने पाळी सांभाळायची, ही रीत मुंबईच्या रुग्णालयांत आणि कारखान्यांत कोणा कायद्यावाचून रुजलेली आहे. परंतु ती परस्परांच्या मर्जीवर आणि वरिष्ठाच्या कृपेवर उभी आहे. जो कायम नोकरीत आहे, ज्याच्या पाठीशी संघटना आहे, त्याला ती लाभते. कंत्राटदारामार्फत आलेल्या झाडूवाल्याला, पहारेकऱ्याला, हमालाला पाळी बदलून मागण्याचेही धैर्य होत नाही. एक खाडा झाला की उद्या बोलावणे येईलच, याची शाश्वती नसते. वार पाळण्याचे स्वातंत्र्य आज धर्मावर नव्हे, नोकरीच्या जातीवर अवलंबून आहे, ही या प्रश्नातील सर्वांत बोचरी बाब आहे.

उपाय अवघड नाहीत. पाळीपत्रक पुरेसे आधी लावावे, म्हणजे व्रत-उपासना असो वा मुलाचे बारसे, माणसाला आपला दिवस राखता येईल. पाळीची अदलाबदल हा उपकार न राहता नोंदवून घेण्याचा हक्क असावा. एखाद्याने विशिष्ट वाराची विनंती केली आणि ती नाकारावी लागली, तर कारण लेखी द्यावे. विनंती केल्याबद्दल कोणाच्या बढतीला वा कंत्राटाला धक्का लागू नये. आणि हे सारे कंत्राटी कामगारालाही तितकेच लागू व्हावे. यासाठी कोणतीही भट्टी विझवावी लागत नाही. कामगार संघटनांनी पगाराच्या करारांबरोबर हाही विषय पटावर आणला पाहिजे. लोखंडे यांनी आपल्या अर्जात तो पगाराच्याही आधी ठेवला होता.

माहुलच्या भट्ट्या पेटत्याच राहतील. शहराला इंधन हवे आहे आणि रविवारी फिरायला निघणाऱ्या कुटुंबांनाही ते लागते. परंतु त्या भट्टीपाशी उभा असलेला माणूस हा भट्टीचा भाग नव्हे. त्याला एक वार आहे, त्या वाराला एक देव किंवा निदान एक घर आहे. यंत्राला विसावा देता येत नाही, म्हणून माणसाचाही वार काढून घ्यावयाचा, हा न्याय कोकणातल्या गरीब तेल्याने आपल्या घाण्याच्या बैलालासुद्धा लावला नव्हता.