जैन व्रते आणि रोजचे जगणे : उपवासापलीकडचा हिशेब

भिलाई (छत्तीसगढ) : भाद्रपद महिन्यात जैन मंदिरांमध्ये दशलक्षण पर्वाची प्रवचने होतात, उपवासांचे संकल्प सोडले जातात आणि अखेरीस परस्परांची क्षमा मागितली जाते. पर्व संपते, दुकाने उघडतात, कारखान्यांच्या पाळ्या सुरू होतात. मग त्या दहा दिवसांत ऐकलेल्या गुणांचे पुढे काय होते? जैन आचारशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर अत्यंत व्यवहारी पद्धतीने दिले आहे. गृहस्थाच्या हातून कोणकोणत्या चुका होऊ शकतात, याची तपशीलवार यादीच त्यात आढळते.

दहा धर्म, पाच व्रते

क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य आणि ब्रह्मचर्य हे दशलक्षण धर्म होत. दिगंबर परंपरेत भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी असे दहा दिवस त्यांचे चिंतन होते. श्वेतांबर परंपरेतील पर्युषण आठ दिवसांचे असून त्याची सांगता संवत्सरीने होते.

साधूंसाठी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही महाव्रते आहेत. संसारी माणसाने तीच व्रते झेपेल तेवढ्या प्रमाणात पाळावीत, म्हणून त्यांना अणुव्रते म्हटले जाते. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्णपणे मोडत नाही, परंतु त्याला डाग लागतो असे वर्तन.

अहिंसा : ताटापुरती नव्हे

अहिंसा म्हटले की प्रथम आहार आठवतो. अहिंसाव्रताच्या अतिचारांत मात्र बांधून ठेवणे, मारणे आणि अवयव छेदणे यांच्यासोबत आणखी दोन गोष्टी येतात : अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे वेळेवर खाऊपिऊ न देणे. मूळ संदर्भ पाळीव जनावरांचा आणि आश्रितांचा आहे. पण माणसांना तो लागू होत नाही असे कोण म्हणेल?

भिलाईसारख्या शहरात ही दोन नावे विशेष अर्थपूर्ण ठरतात. सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कॅम्प-1 या वस्तीच्या नावात त्या उभारणीच्या काळातील मजुरांच्या तळाची खूण आजही टिकून आहे. घाम गाळणाऱ्यांच्या अशा वस्तीत अहिंसेची कसोटी मुंगी वाचविण्यापाशी थांबत नाही. दुकानातील पोऱ्याला जेवणाची सुटी मिळते का, घरकाम करणाऱ्या बाईंवर ठरल्यापेक्षा जास्त काम पडते का, घरपोच माल आणणाऱ्याला उन्हात उभे असताना कोणी पाणी विचारते का, हे प्रश्नही अहिंसेचेच आहेत.

तराजू, कागद आणि जीभ

अस्तेयाचे अतिचार वाचताना तर आजच्या बाजारपेठेचे वर्णन वाचल्यासारखे वाटते. दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, मापात फरक ठेवणे आणि अस्सल मालात हलका माल मिसळणे असे हे पाच दोष आहेत. बिलाशिवाय विक्री, करचुकवेगिरी, भेसळ यांसाठी वेगळे नियम शोधण्याची गरज उरत नाही.

सत्याच्या अतिचारांत खोटा उपदेश, एकांतातील गोष्टी उघड करणे, खोटे दस्तऐवज तयार करणे, ठेव बुडविणे आणि विश्वासाने कळलेले गुपित फोडणे यांचा समावेश आहे. खासगी संभाषणाचे छायाचित्र समूहात पाठविणारा माणूस एक शब्दही खोटा बोलत नाही. तरीही सत्यव्रताला त्याच्याकडून डाग लागतो. निष्कारण हिंसेपासून दूर राहण्याच्या अनर्थदंडव्रतात ‘मौखर्य’, म्हणजे विनाकारण बडबड, हाही दोष मानला आहे.

मर्यादा आणि त्याग

अपरिग्रहाचा गृहस्थासाठी अर्थ सर्वस्वाचा त्याग असा नाही. जमीन, घर, सोने, धान्य, वस्त्रे यांची मर्यादा प्रत्येकाने स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. आकडा शास्त्र सांगत नाही. तो ठरविण्याची जबाबदारी माणसावर सोपविते. हप्त्यांवर वस्तू घरी येण्याच्या काळात हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे.

भिलाईहून रेल्वेने नागपूरच्या दिशेला निघाले की राजनांदगावनंतर डोंगरगड लागते. तेथील चंद्रगिरी येथे 18 फेब्रुवारी 2024 रोजी आचार्य विद्यासागर महाराजांनी समाधी घेतली. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे 1946 मध्ये जन्मलेल्या या दिगंबर आचार्यांनी संयमाला रोजगाराशी जोडले. त्यांच्या प्रेरणेने हातमागाची केंद्रे सुरू झाली आणि सागर येथील मध्यवर्ती कारागृहात कैद्यांच्या हातीही माग आला.

त्यागाचा दुसरा दाखला महाराष्ट्रातील आहे. कुंभोज येथील जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना राहते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रासह दागिने दिले. जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. त्यांतील आहार आणि ज्ञान ही दोन्ही दाने त्या एका वसतिगृहात एकत्र आली. रूढी आणि धर्म यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा भाऊरावांनी काय निवडले, हेही येथे स्पष्ट होते.

क्षमा कोणाची मागावी?

पर्वाच्या शेवटी ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणण्याची प्रथा आहे. माझे दुष्कृत्य निष्फळ होवो, असा या प्राकृत शब्दांचा आशय. आता हा संदेश एका क्षणात शेकडो जणांना पोहोचतो. परंतु ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद आहे, तो भाऊ, भागीदार किंवा शेजारी बहुधा त्या यादीत नसतो. क्षमेची खरी गरज तेथेच असते.

2011 च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे 44.5 लाख असून त्यांपैकी सुमारे 14 लाख महाराष्ट्रात आहेत. मात्र वजनात काटछाट न करणे, कामगाराला वेळेवर जेवू देणे, गुपित राखणे आणि दुखावलेल्या माणसाच्या दारी स्वतः जाणे यासाठी जैन असण्याची अट नाही. उपवास दिवसभराने सुटतो. या गोष्टींचा हिशेब मात्र रोज रात्री नव्याने मांडावा लागतो.