टेकून बसण्याचा हक्क

लोडाला टेकून बसणे हा आपल्याकडे एकेकाळी मोठेपणाचा मान होता. कन्नडमध्ये ज्याला 'ओरगुदिंबू' म्हणतात, तो लोड बैठकीत असे तो सरदार-सावकारांसाठी. सेवकाने उभे राहायचे, ही रीत. ज्यू समाजाच्या वल्हांडण सणात मात्र हा मान वर्षातून एकदा गरिबातल्या गरिबालाही दिला जातो.

मिसर देशातील गुलामगिरीतून सुटका झाल्याच्या स्मरणार्थ हा सण पाळतात. तो साधारण चैत्राच्या सुमारास, पौर्णिमेच्या रात्री सुरू होतो. त्या रात्रीच्या विधियुक्त भोजनाला 'सेदेर' म्हणतात. बेखमीर भाकरी खाताना आणि द्राक्षारसाचे चार पेले घेताना डाव्या कुशीवर रेलायचे. उजवा हात जेवणासाठी मोकळा राहतो. ही पद्धत ग्रीक-रोमन मेजवान्यांतील. तिथे स्वतंत्र माणूस रेलून जेवत असे आणि गुलाम वाढत असे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात सांगितले आहे, की अत्यंत गरिबानेही त्या रात्री रेलल्याशिवाय जेवू नये. कडू भाजी मात्र रेलून खात नाहीत, कारण ती गुलामीची आठवण आहे.

ही परंपरा आपल्या मराठी मुलुखातही आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल मराठीच बोलत. सेदेरच्या रात्री वाचायची 'हग्गादा' ही पोथी त्यांच्यासाठी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीत तर साड्या नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना चित्रात दिसतात. द्राक्षारसाऐवजी या समाजात मनुकांचे सरबतही चालते.

पोथीत लहान मूल विचारते : इतर रात्री आपण कसेही बसतो, मग आज सगळेच का रेलतो? प्रश्न मुलाला समजणाऱ्या भाषेत असला, तरच उत्तर मनात उतरते. पोथीत हिब्रूजवळ मराठी आली, त्यामागचे कारण दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

या 'सगळ्यांत' स्त्रिया येतात का? तालमूद ग्रंथानुसार पतीच्या घरी पत्नीने रेलण्याची गरज नाही. ती प्रतिष्ठित असेल, तरच तिने रेलावे. पुढे मध्ययुगातील युरोपीय पंडितांनी म्हटले, की आमच्या सर्वच स्त्रिया प्रतिष्ठित आहेत!

आपल्या सणावारी शेवटची पंगत कोणाची असते? पुरुष पाने मांडून बसतात आणि वाढणारी जेवते ती सगळे उठल्यावर, गार झालेले. येत्या सणाला तिला पहिल्या पंगतीला बसवून इतरांनी वाढले, तर कोणताही धर्म बुडणार नाही.