यंत्राने धरलेले पाऊल

अर्धांगवायूचा झटका आला की पाय गेला, असे आपण म्हणतो. वस्तुतः पायाला इजा झालेली नसते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पायाला आज्ञा देणारा भाग निकामी झालेला असतो. परंतु मेंदूचे उरलेले धडधाकट भाग ते काम पुष्कळ अंशी शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते.

पण ज्याला उभेही राहता येत नाही, त्याला शेकडो पावले चालवावे कसे? दोघांनी धरावे, तिसऱ्याने पाय उचलून पुढे ठेवावा, तर थोड्याच वेळात धरणारेच थकतात. या अडचणीवर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे 'लोकोमॅट' हे यंत्र निर्माण झाले. रोग्याला वरून पट्ट्यांनी तोलून फिरत्या पट्ट्यावर उभे करतात आणि पायांना बाहेरून बांधलेला यांत्रिक सांगाडा मोटारींच्या बळाने कंबर व गुडघे चालवितो. जपानमध्ये प्रा. योशियुकी संकाई यांनी निर्मिलेला 'हाल' हा सांगाडा स्नायूंतील क्षीण विद्युत्संकेत त्वचेवरून ओळखतो आणि रोग्याच्या इच्छेनुसार साहाय्य करतो.

याचा उपयोग किती? २०२० साली कॉक्रेन संस्थेने ६२ चाचण्यांतील २,४४० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या व्यायामोपचारांस यंत्राची जोड मिळाली, तेव्हा अधिक रोगी आधाराविना चालू लागले. पहिल्या तीन महिन्यांतील आणि मुळीच चालू न शकणाऱ्या रोग्यांना विशेष लाभ झाला. उलट, थोडेफार चालू शकणाऱ्या रोग्यांवर अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात, २००८ साली, यंत्रापेक्षा उपचारकाचा हातच सरस ठरला. यंत्रच सारे काम करू लागले की रोगी स्वस्थ राहतो आणि मेंदूला शिकण्याचे कारणच उरत नाही.

ही यंत्रे फार महाग असल्याने मोजक्याच रुग्णालयांत आढळतात. तथापि, त्यांच्या अनुभवातून प्रत्येक घराने घेण्याजोगे काही आहे, असे आम्हांस वाटते. झटका आलेल्या वडीलधाऱ्यांना घरची मंडळी मायेपोटी खाटेवरून उठूच देत नाहीत, हे आम्ही पुष्कळदा पाहतो. "त्यांना त्रास नको" म्हणता म्हणता मोलाचे महिने निघून जातात. प्रिय वाचकहो, डॉक्टरांची अनुज्ञा मिळताच व्यायामोपचारकाकडून रीत शिकून घ्या आणि रोज ठरल्या वेळी त्यांना उभे करा. तोल जाऊ नये इतकाच आधार द्या. पाऊल मात्र त्यांचे त्यांना टाकू द्या.