कूपराइट : दगडातले प्लॅटिनम

हेमलकशाच्या शिबिरात पामुलगौतमीच्या वाळूत चकाकता तुकडा सापडला. "प्लॅटिनम!" मित्र ओरडला. निघाले अभ्रक. परंतु त्या निमित्ताने खऱ्या खनिजाची माहिती मी मिळवली.

कूपराइट हे प्लॅटिनम व गंधक यांचे पोलादी करड्या रंगाचे दुर्मिळ संयुग होय. त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के प्लॅटिनम असते. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड हे त्याचे माहेरघर. मात्र त्याचे कण इतके बारीक व विरळ, की टनभर खडक फोडावा तेव्हा जेमतेम काही ग्रॅम धातू हाती येतो.

हा धातू मोटारींच्या धुरातील विषारी वायू निवळवतो. त्यापासूनच सिसप्लॅटिन हे कर्करोगावरील औषध बनते. त्याचा गुण रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या प्रयोगातून उमगला.

माझ्या आत्याला तेच औषध सलाईनमधून दिले होते. आज ती हिंडती-फिरती आहे. तिच्यासाठी कुठला तरी डोंगर फुटलाच असणार! परतताना आलापल्लीला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक दिसले. 'खाण नकोच' असे मला म्हणवेना. मागचे जंगल आठवून 'हवीच' असेही म्हणवेना.