क्रेडिट जमवण्याआधी पदवी ठरवा

बी.ए.चे पहिले वर्ष झाले आणि लग्न ठरले. दुसऱ्या वर्षाला एटीकेटी लागली आणि त्याच वेळी दुकान सांभाळायची पाळी आली. शेती वाटणीला आली आणि बडनेऱ्यावरून अमरावतीला रोज जाणे-येणे जमेनासे झाले. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात पदव्या अर्धवट राहतात त्या अशाच कारणांनी. ही माणसे बुद्धीने कमी पडलेली नसतात. त्यांचे शिक्षण ज्या चौकटीत बसवले होते, ती चौकट त्यांच्या आयुष्याला पुरली नाही. आता ही चौकट बरीच सैल झाली आहे. घरी बसून पदवी पूर्ण करता येते, पूर्वी केलेला अभ्यास मोजून पुढे नेता येतो, थोडा भाग ऑनलाइन शिकता येतो. मात्र या सवलतींचा फायदा नेमका कसा घ्यायचा, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. इतिहासाची पदवी चाळिशीत पूर्ण करू पाहणाऱ्याला माझे सांगणे एकच आहे: क्रेडिट जमवायला लागण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची घ्यायची ते पक्के करा, आणि तुमची कोणती क्रेडिट्स ते विद्यापीठ धरणार हे लेखी मिळवा. हा क्रम उलटा झाला, तर कष्टाने केलेला अभ्यास खात्यावर दिसेल, पण पदवीत मोजला जाणार नाही.

क्रेडिट, म्हणजेच श्रेयांक, हे अभ्यासाचे माप आहे. दूरस्थ आणि मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. त्यात पुस्तक वाचणे, स्वाध्याय लिहिणे, व्हिडिओ पाहणे सगळे आले. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात, म्हणजे वर्षाला सुमारे ४०. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली काढली. या बँकेत विद्यार्थ्याचे खाते उघडते, शिक्षणसंस्था त्याची क्रेडिट्स त्यात भरते आणि पुढे दुसऱ्या संस्थेत ती वापरता येतात. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये नव्या धोरणाचा पदवी अभ्यासक्रम २०२४-२५पासून सुरू झाला. त्यामुळे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात आज शिकणारा मुलगा उद्या मध्येच थांबला, तरी त्याच्या खात्यावर काहीतरी शिल्लक राहणार आहे. आधीच्या पिढीला हे मिळाले नव्हते, आणि ही सुधारणा खरोखर मोठी आहे.

पण बँक क्रेडिट सांभाळते, ते स्वीकारण्याचा निर्णय तिच्या हातात नसतो. तो पदवी देणाऱ्या विद्यापीठाचा असतो. घरात कापूस कितीही साठवला तरी त्याची प्रत आणि भाव घेणाराच ठरवतो, तसाच हा व्यवहार आहे. नियमही तेच सांगतात. एकूण क्रेडिट्सपैकी किमान निम्मी पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावी लागतात. म्हणजे १२०पैकी फार तर ६० बाहेरून येऊ शकतात. खात्यातली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. बँकेत मुळात २०२१-२२ आणि त्यानंतरचाच अभ्यास धरला जातो. २००५ साली बी.ए.चे पहिले वर्ष पास झालेल्या माणसाने आज खाते उघडले, तर त्यात त्या वर्षाचे काहीही दिसणार नाही. त्याच्या जुन्या गुणपत्रिकेची किंमत काय धरायची, हे नव्या विद्यापीठाला अभ्यासक्रम ताडून स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत क्रेडिट नेण्याची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७च्या अहवालात असा अंदाज मांडला की, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली. म्हणजे व्यवस्था जुनी आणि रुळलेली असूनही जवळजवळ निम्मे कष्ट पाण्यात गेले. युरोपात १९८९पासून क्रेडिट हस्तांतरणाची सामायिक पद्धत आहे. तिथे विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला निघतो, त्याआधीच तो स्वतः, त्याचे मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ यांच्यात लेखी करार होतो. तिथले कोणते विषय इथे धरले जाणार, हे त्यात आधीच लिहिलेले असते. या दोन उदाहरणांतून आपण घ्यायचा धडा स्पष्ट आहे. मान्यता आधी मिळवायची, अभ्यास मागून करायचा.

मान्यता आधी का हवी, याचे आणखी एक कारण क्रेडिटच्या कप्प्यांत आहे. क्रेडिट्सची नुसती बेरीज १२० होऊन भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाची किमान ६०, दुय्यम विषयाची २४, बहुविद्याशाखीय विषयांची ९, भाषेची ८, कौशल्यविषयांची ९ आणि उरलेली मूल्यशिक्षण, इंटर्नशिप अशा कामांची असतात. समजा, कोणी उत्साहाच्या भरात ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या मंचावर योग, पर्यावरण, संगणक असे चार कोर्स केले. परीक्षा दिली, प्रमाणपत्रे आली, खात्यावर क्रेडिट्सही आली. पण इतिहासाच्या पदवीत त्यांना बसायला जागा असते ती लहान कप्प्यांतच, आणि ते कप्पे पहिल्या वर्षाच्या अभ्यासाने आधीच भरलेले असू शकतात. शिवाय एका सत्रात ‘स्वयम’वरून घेता येणाऱ्या विषयांवर ४० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि विद्यापीठाने आपल्या यादीत मंजूर केलेलेच कोर्स धरले जातात. ‘स्वयम’वर शिकणे फुकट आहे. क्रेडिट हवे असेल तर मात्र शुल्क भरून, ठरलेल्या शहरातल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एवढे सगळे करून कोर्स भलत्याच कप्प्याचा निघाला, तर ज्ञान मिळाले यात समाधान मानावे लागते, पदवी मात्र जागच्या जागी राहते.

हिशेब तासांत मांडला की नुकसान डोळ्यांसमोर येते. समजा, एखाद्या गृहिणीच्या खात्यात पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट्स आहेत. नव्या विद्यापीठाने ती सगळी धरली, तर ८० उरतात, म्हणजे २४०० तासांचा अभ्यास. घरकाम आटोपून ती रोज दोन तास देऊ शकली, तर १२०० दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षे लागतील. विद्यापीठाने ४०पैकी २४च धरली, तर १६ क्रेडिट्सचा भार वाढतो. ते ४८० तास होतात, म्हणजे रोज दोन तासांप्रमाणे आणखी आठ महिने. त्यातही शेतकरी घरात हे दोन तास बारमाही नसतात. सोयाबीन काढणीला आले आणि पाठोपाठ कापसाची वेचणी लागली, की दिवाळीच्या आगेमागे पुस्तक उघडायलाही उसंत नसते, आणि सत्राच्या परीक्षा पुष्कळदा त्याच सुमारास येतात. म्हणून मुदत हा योजनेतला फार महत्त्वाचा आकडा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायचे असेल, तर ४० क्रेडिट्सबरोबर चार क्रेडिट्सचा व्यावसायिक कोर्स लागतो आणि तीन वर्षांच्या आत परत यावे लागते. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

कागदपत्रांची बाजू क्षुल्लक वाटते, पण गाडी अडते ती तिथेच. क्रेडिट बँकेचे खाते डिजिलॉकरमधून, आधारच्या नावाने उघडते. क्रेडिट्स विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, ती संस्थाच भरते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव असेल, तर दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे यंत्रणेला कळत नाही. लग्नानंतर शिक्षणाकडे परतणाऱ्या स्त्रियांसाठी ही पहिली पायरी आहे: आधी नाव जुळवून घ्या. त्यासाठी राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागेल. त्यानंतर जुन्या महाविद्यालयातून सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन आणि आपण शिकलो त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत घ्यावी. अभ्यासक्रमाची प्रत बहुतेक जण विसरतात. पण दोन विद्यापीठांचे पेपर ताडून पाहायचे ते तिच्याच आधारावर.

आता विद्यापीठाची निवड. आपल्याकडे बोलताना ‘ऑनलाइन’ आणि ‘दूरस्थ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोग मात्र दोन्हींना वेगवेगळी मान्यता देतो, आणि तीही अभ्यासक्रमागणिक. एखाद्या विद्यापीठाचा एक विषय ऑनलाइन मान्य असला, म्हणजे इतिहासही असेल असे नाही. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरची यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. मराठीतून इतिहास शिकायचा असेल, तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा जवळचा आणि भरवशाचा मार्ग आहे. त्याचे विभागीय केंद्र अमरावतीला आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून या विद्यापीठाने घरी बसून, एकट्याने वाचता येतील अशी मराठी पुस्तके तयार करण्यावर भर दिला. ‘स्वयम’वरचे बरेचसे कोर्स इंग्रजी-हिंदीत आहेत. त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इतिहासाचा मुख्य भाग मराठी पुस्तकांवर करावा आणि दुय्यम किंवा कौशल्याचा एखादा विषय ऑनलाइन घ्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

यावर काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला, सरळ पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी. हा आक्षेप काही बाबतींत बरोबरच आहे. जुना अभ्यास पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल, किंवा जेमतेम एका सत्राचा असेल, तर तो मान्य करून घेण्यात जाणाऱ्या महिन्यांपेक्षा नव्याने सुरुवात करणे सोपे. पण पूर्ण वर्ष किंवा दोन वर्षे झाली असतील, तर ते सोडून देणे म्हणजे बाराशे-चोवीसशे तासांवर पाणी सोडणे आहे. दुसरा आक्षेप पदवीच्या किमतीचा. दूरस्थ पदवीला नोकरीत कोण विचारतो, असे अजूनही ऐकू येते. याचे उत्तर नियमात आहे. २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये ते पुन्हा जाहीर केले. ज्या सरकारी पदांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, तिथे ही पदवी चालते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. इथून दोन पेपर, तिथून चार पेपर अशी जोडलेली पदवी म्हणजे इतिहासाचे शिक्षण म्हणायचे का? ही शंका मला रास्त वाटते. इतिहास या विषयात क्रम लागतो, साधने तपासण्याची शिस्त लागते, एका काळाचा दुसऱ्या काळाशी संबंध जोडावा लागतो. सुट्या पेपरांच्या बेरजेतून ही दृष्टी येत नाही. म्हणूनच निम्म्या क्रेडिट्सचा नियम मला जाचक वाटत नाही. इतिहासाचा गाभा एका विद्यापीठाकडून, एका सलग रचनेत शिकावा आणि भोवतालचे विषय बाहेरून आणावेत, ही योजना त्या नियमातही बसते आणि विषयालाही न्याय देते. प्रौढ विद्यार्थ्याला यात एक लाभही आहे. चांदूर रेल्वेच्या परिसरात अभ्यासाची साधने हाताशी आहेत. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरला उत्खनन झाले आहे. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. गाविलगडची लढाई १८०३ची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पुढे दीड दशकाच्या आत मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या रेल्वेने इथल्या कापसाची दिशाच बदलली. या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४पासून उपलब्ध आहे. प्रकल्पासाठी विषय शोधायला दूर जावे लागणार नाही, आणि बाजार, जमीन, सावकारी यांचा अनुभव असलेला चाळिशीचा विद्यार्थी हे विषय अठरा वर्षांच्या मुलापेक्षा अधिक समजून लिहील.

राहता राहिला प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एकट्या माणसाने विद्यापीठाकडून लेखी उत्तर कसे मिळवायचे हा. ईमेलवर एक अर्ज, सोबत गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम, आणि एकच नेमका प्रश्न: यातले कोणते पेपर तुमच्या बी.ए. इतिहासात कोणत्या कप्प्यात धराल? उत्तर येईपर्यंत शुल्क भरू नये. पण हे ओझे विद्यार्थ्यावर किती काळ टाकायचे? अमरावती विद्यापीठ आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ ही दोन्ही महाराष्ट्राचीच आहेत. एकाचा कोणता पेपर दुसऱ्याच्या कोणत्या पेपरशी समकक्ष, याचा तक्ता इतिहासासारख्या नेहमीच्या विषयासाठी त्यांनी दरवर्षी जाहीर करावा आणि आलेल्या अर्जाला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे. क्रेडिट नेण्याचा हक्क कागदावर आलेला आहे. तो अर्धवट पदवी घेऊन थांबलेल्या बाईच्या उपयोगी पडायचा असेल, तर आपली किती क्रेडिट्स धरली जाणार हे तिला प्रवेश घेण्याआधी कळलेच पाहिजे.